यझ्दची माणसे, डहाणूच्या वाड्या

डहाणू तालुक्याच्या किनाऱ्याने डहाणूपासून घोलवड आणि बोर्डीपर्यंत पसरलेल्या चिकूच्या वाड्या, म्हणजे कुंपण घालून आणि विहिरीचे पाणी देऊन वाढवलेल्या फळबागा, आज इतक्या जुन्या आणि स्वाभाविक वाटतात की त्या या भूमीवर सव्वाशे वर्षांपलीकडे नव्हत्या, हे सहज ध्यानात येत नाही. या वाड्या लावणाऱ्यांमध्ये इराणातून आलेल्या जरथुष्ट्री कुटुंबांचा वाटा मोठा होता. ज्या जमिनीवर त्या उभ्या राहिल्या आणि ज्या हातांनी त्या राखल्या, ती जमीन आणि ते हात मात्र प्रामुख्याने वारली आणि इतर आदिवासींचे होते. डहाणू आणि शेजारच्या तलासरीचा गेल्या शतकाचा इतिहास या दोन्ही बाजू एकत्र ठेवूनच वाचावा लागतो, कारण यातील एकच बाजू सांगितली तर ती खरी असूनही अपुरी ठरते.

या परिसराचा इराणशी संबंध त्याहून कितीतरी जुना आहे. इराण सोडून आलेले पारशी प्रथम संजाण येथे स्थिरावले आणि पुढे संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी, म्हणजे 'इराणशाह', डहाणू तालुक्यातील बाहरोटच्या डोंगरावर बारा वर्षे जपला, असे 'किस्से संजाण' या सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या फारसी काव्यावर आधारलेली परंपरा सांगते. परंतु ज्यांना डहाणूत आजही 'इराणी' म्हणतात, ते या जुन्या पारशांचे वंशज नव्हेत. धर्म एकच असला तरी ते एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यझ्द आणि केरमान या प्रांतांतून आलेले लोक होत.

ते का आले, हे समजण्यासाठी यझ्दमधील त्यांचे दैनंदिन जीवन पाहावे लागते. कजार राजवटीत बिगरमुस्लिम म्हणून त्यांना जिझिया भरावा लागे, शहरात घोड्यावर बसण्यास मनाई होती, वस्त्रांच्या रंगांवर बंधने होती, आणि घराची भिंत इतकीच उंच चालत असे की खाली उभ्या असलेल्या मुसलमान माणसाने हात उंचावला तर तो तिच्या माथ्याला लागावा. यझ्दमध्ये पाच वर्षे राहिलेले इंग्रज धर्मोपदेशक नेपियर माल्कम यांनी 1905 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात अशा निर्बंधांची नोंद केली आहे. मुंबईच्या पारशांनी 1854 साली माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणात पाठवले आणि त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर 1882 मध्ये जिझिया रद्द झाला. मधल्या काळात 1870 ते 1872 चा भीषण दुष्काळही येऊन गेला होता, आणि कर उठल्याने गावोगावचा छळ काही थांबला नाही. त्यामुळे मुंबईकडे येणाऱ्यांचा ओघ पुढेही चालू राहिला.

मुंबईत आलेल्या इराण्याचे नाव चहाच्या हॉटेलाशी जोडले जाते, आणि ते योग्यच आहे. पण या स्थलांतरितांतील पुष्कळजण मुळात शेतकरी होते. यझ्द हा वाळवंटी मुलूख, आणि तेथील शेती 'कनात' म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून मैलोन्मैल खणत आणलेल्या बोगद्याच्या पाण्यावर चाले. पाण्याचा थेंब मोजून डाळिंब आणि तुती वाढवणाऱ्या माणसाला डहाणूची पावसाची जमीन आणि हाताशी लागणारे विहिरीचे पाणी किती मोलाचे वाटले असेल, याची कल्पना करता येते. मुंबई-बडोदा रेल्वेमार्ग 1860 च्या दशकात या पट्ट्यातून गेला होता, त्यामुळे पिकवलेला माल दुसऱ्या दिवशी मुंबईच्या बाजारात पोचवणे शक्य झाले होते.

चिकूचे झाड स्वतः आणखी लांबून आलेले होते. त्याचे मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत असून स्पॅनिश लोकांनी ते आपल्या ताब्यातील फिलिपीन बेटांवर नेले, आणि तेथून आशियात त्याचा प्रसार झाला. महाराष्ट्रातील पहिली लागवड घोलवड येथे 1898 साली झाली, असे फळबागांवरील ग्रंथ सांगतात. किनाऱ्याची निचऱ्याची जमीन आणि समुद्राची दमट हवा त्याला मानवली. 'कालीपत्ती' ही गडद पानांची, लांबट गोल आणि गोड फळांची जात येथे इतकी रुजली की वाडी म्हणजे कालीपत्ती असेच समीकरण झाले.

या फळाची शेती बाहेरून दिसते तितकी सोपी नाही. कलम बहुधा रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, रोपावर बांधले जाते. दोन झाडांत सुमारे दहा मीटरचे अंतर ठेवावे लागते, आणि चांगले उत्पन्न हाती येईपर्यंत काही वर्षे नुसता खर्च चालू राहतो, म्हणून हे काम थांबण्याची ऐपत असलेल्यालाच जमणारे होते. चिकू झाडावर खाण्याजोगा पिकत नाही. सालीवरची तपकिरी भुकटी सहज झडू लागली आणि नखाने ओरखडा काढल्यावर हिरव्याऐवजी पिवळसर रेघ उमटली, की फळ तयार झाले असे समजून ते उतरवतात. टोकाला जाळी बांधलेल्या लांब बांबूने ते झेलले जाते, देठातून गळणारा चीक जाऊ दिला जातो, मग फळे धुऊन, सुकवून आणि आकाराप्रमाणे निवडून पेटीत भरली जातात. झाड जवळजवळ वर्षभर थोडेफार फळत असल्याने या कामाला बाराही महिने माणसे लागतात.

ही माणसे पाड्यांवरून येत. पाडा म्हणजे गावापासून सुटी असलेली आदिवासींची लहान वस्ती. डहाणूच्या पूर्व भागात आणि तलासरीत असे पाडे सर्वत्र आहेत. येथील वारल्यांची जमीन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावकार, दारूचे मक्तेदार आणि जमीनदार यांच्याकडे गेली. जंगल राखीव झाल्याने फिरती शेती बंद पडली, रोख सारा आणि अबकारी कर अंगावर आले, आणि पावसाळ्यात पोटासाठी उचललेली 'खावटी', म्हणजे धान्याचे कर्ज, दाम-दुपटीने वाढत जाऊन शेवटी शेत सावकाराच्या नावावर चढले. जमीनदारांमध्ये हिंदू, पारशी, इराणी आणि मुसलमान असे सर्वच होते. म्हणून हा दोष एका समाजाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, परंतु स्वतः छळातून सुटून आलेल्यांपैकी काहींनी इथल्या दुर्बळांवरची सत्ता निःशंकपणे वापरली, हेही नाकारता येत नाही.

जमीन गेल्यावर वारली आपल्याच शेतावर कूळ झाला आणि कुळाला 'वेठ' आली, म्हणजे मालक बोलावील तेव्हा विनामोल काम. याहून कठोर प्रथा 'लग्नगडी' ही होती: लग्नासाठी मालकाकडून थोडी रक्कम उचलणारा तरुण ते कर्ज फिटेपर्यंत त्याच्या घरी राबे, त्याची बायकोही राबे, आणि ते कर्ज बहुधा आयुष्यभर फिटत नसे. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस दिलेल्या अहवालात या स्थितीचे स्पष्ट वर्णन केले, पण प्रत्यक्ष बदल अहवालाने घडला नाही.

तो बदल 1945 साली सुरू झाला. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले आणि मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी येथे जमलेल्या वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. काही आठवड्यांत वेठ आणि लग्नगडी या प्रथा मोडून पडल्या. पुढे गवतकापणीचा संप झाला. मुंबईला जाणाऱ्या गवताचा व्यापार तेव्हा मोठा होता, आणि पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी होती. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांनी जमावावर केलेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाचजण मारले गेले. या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकर याही बाहेरून, शहरातून आलेल्या होत्या. त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे 1970 साली प्रसिद्ध झालेले पुस्तक पाड्यांवरील जीवनाची अत्यंत मोलाची नोंद आहे.

1948 च्या कूळ कायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने भातशेतीची मालकी अनेक कुळांना मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. वाड्यांची गोष्ट निराळी होती: तेथे कसणारा कूळ नव्हता, रोजंदारीवरचा मजूर होता, त्यामुळे मालकी हक्काचा प्रश्न तेथे त्या रूपात उभाच राहिला नाही. 1960 मध्ये राज्ये वेगळी होताना जुन्या उंबरगाव तालुक्याचे दोन भाग झाले, उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. तरी दोन्हीकडच्या पाड्यांतून वाड्यांवर मजुरीला येणे थांबले नाही. पुढे 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2021 मध्ये हा चिकू ब्रिटनला रवाना झाला. मानांकनाच्या कागदावर उत्पादक म्हणून बागायतदारांची नोंद असते. साल नखाने ओरखडून फळ ओळखण्याची आणि बांबूच्या जाळीत ते अलगद उतरवण्याची कसबी कामे करणाऱ्यांना मात्र त्या दिवसाची मजुरी मिळते.