‘सिलेक्ट केस’ला सेलू कळत नाही

एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिणाऱ्यांत एक मत जवळपास निर्विवाद होऊन बसले आहे. टाइप केलेल्या शब्दागणिक निकाल वेगळा हवा असेल, तर ‘इफ’ आणि ‘एल्सइफ’ची उतरंड रचू नये, ‘सिलेक्ट केस’ वापरावे. या मताची बाजू लंगडी नाही. एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन अनेक पर्याय मांडता येतात, आणि सहा महिन्यांनी कोड उघडणाऱ्याला तो वाचताही येतो. उतरंडीपेक्षा हे बरे, हे मान्य. पण मुळात शब्द कोडमध्ये असावेतच का?

परभणी जिल्ह्याचे 9 तालुके घ्या. नावे रोमन लिपीत लिहायची, तर 2011 च्या जनगणनेत त्यांपैकी सेलूचे स्पेलिंग ‘एस-ए-आय-एल-यू’ आहे. टाइप करणारा बहुधा ‘एस-ई-एल-यू’ लिहील. मोठ्या-लहान अक्षरांचा भेद ‘ऑप्शन कम्पेअर टेक्स्ट’ मिटवते, शेवटची मोकळी जागा ‘ट्रिम’ काढते. स्पेलिंगचे काय? प्रत्येक नव्या अवतारासाठी कोड उघडायचा?

मग देवनागरीत लिहू, असे कुणी म्हणेल. तिथे तर हा पक्ष पुरता कोसळतो. मॅक्रोच्या संपादकाला युनिकोड कळत नाही. नेहमीच्या विंडोजवर त्यात ‘सेलू’ लिहिले की ‘????’ उरते. संगणकाच्या हिशेबी सेलूची अक्षरे चार: स, एकार, ल, ऊकार. पालमचीही चारच. म्हणजे दोन्ही तालुक्यांची ‘केस’ एकच! पत्रकातला खरा ‘सेलू’ यांपैकी कशाशीच जुळत नाही आणि मुकाट ‘केस एल्स’मध्ये जातो; ते लिहिलेच नसेल, तर काहीच घडत नाही. ‘लाइक’ वापरणाऱ्याची गत याहून वाईट, कारण तिथे प्रश्नचिन्हाचा अर्थच ‘कोणतेही एक अक्षर’. पालमची नोंद बिनदिक्कत सेलूच्या खात्यात पडते. चुकीची सूचनाही येत नाही.

उपाय जुनाच आहे. पत्रकात दोन स्तंभांचा तक्ता ठेवावा: एकात शब्दाचे प्रत्येक रूप, दुसऱ्यात तालुक्याचा क्रमांक. मॅक्रोने तक्त्यात नेमकी जुळणी शोधावी; न सापडल्यास तसे स्पष्ट सांगावे. पत्रकाला देवनागरी उत्तम कळते. प्रत्येक तालुक्यासाठी वेगळी कृती हवी असेल, तर त्या क्रमांकावर खुशाल ‘सिलेक्ट केस’ चालवा. तिथे ते शोभते.

तक्त्यात कुणीही ढवळाढवळ करील, हा आक्षेप येतोच. पत्रक कुलूपबंद करता येते, लपवताही येते. शिवाय नवे स्पेलिंग भरायला कारकून पुरतो, प्रोग्रामर लागत नाही.

आणि वर्धा जिल्ह्यातही सेलू तालुका आहे. तक्त्यात जिल्ह्याचा एक स्तंभ वाढवला की दोन्ही वेगळे ओळखता येतात. ‘केस’च्या यादीत काय वाढवणार?