एकोणचाळीस अंकी मूळ संख्या

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज अन्य कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. लहान संख्येची परीक्षा सोपी. ९७ ला २, ३, ५ आणि ७ ने भागून पाहिले की निर्णय लागतो. परंतु १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ आहे, असे एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने इ. स. १८७६ मध्ये जाहीर केले, तेव्हा त्याच्याजवळ संगणक नव्हता.

१२७ वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करावा व त्यातून १ वजा करावा, म्हणजे ही संख्या मिळते. या जातीच्या संख्यांना मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाचे नाव आहे. कोणत्या घातांना मूळ संख्या मिळतात, याची २५७ पर्यंतची यादी त्याने १६४४ मध्ये दिली. सिद्धता दिली नाही. पुढे त्यातील ६७ व २५७ चुकीचे ठरले आणि ६१, ८९ व १०७ हे निसटले असल्याचे आढळले. १२७ मात्र टिकला. सिद्धतेवाचून केलेल्या विधानाने गणितज्ञांना जवळजवळ तीन शतके कामास लावले, हेही त्याचे श्रेय मानावे लागेल.

भाजक शोधत बसणे येथे निरुपयोगी होते. या संख्येचा कोणताही मूळ भाजक २५४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असतो, हे ठाऊक होते. तरीही तेवढ्याच संख्यांनी, दर सेकंदाला एक याप्रमाणे, वर्गमुळापर्यंत भागून पाहायचे म्हटले तर दीडशे कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल!

ल्युकाने भाजकांचा नादच सोडला. त्याची रीत लहान उदाहरणावरून ध्यानी येईल. २ च्या ७ व्या घातातून १ वजा केल्यास १२७ उरतात. आता ३ पासून आरंभ करावा. वर्ग करून २ वजा करावेत, १२७ ने भागावे आणि बाकी घेऊन पुन्हा तेच करावे. ३ वरून ७, मग ४७, ४८, १६ आणि पाचव्या खेपेस ०. शून्य आले, म्हणजे १२७ मूळ आहे. एकोणचाळीस अंकी संख्येसाठी अशा १२५ खेपा कराव्या लागतात, आणि एका खेपेत एक अंक चुकला तरी पुढचे सारे श्रम वाया जातात. आकडेमोडीचा सराव असलेल्या वाचकास या कष्टांची कल्पना येईल. फोकेंबेर्ग यांनी १९१४ मध्ये स्वतंत्रपणे गणित करून तोच निर्णय दिला, आणि लेमर यांनी १९३० च्या सुमारास ही रीत सुटसुटीत व निर्दोष स्वरूपात सिद्ध केली.

ल्युकाने १८८३ मध्ये हनोईच्या मनोऱ्याचे कोडेही लोकांसमोर आणले. त्या मनोऱ्यात १२७ चकत्या घेतल्या, तर त्या हलविण्यास किमान जितक्या चाली लागतात, ती नेमकी हीच संख्या होय.

पंचाहत्तर वर्षे हिच्याहून मोठी मूळ संख्या कोणास ठाऊक नव्हती. १९५१ मध्ये फेरिए यांनी टेबलावरील गणनयंत्राच्या साह्याने चव्वेचाळीस अंकी संख्या सिद्ध केली, आणि त्यानंतर संगणकांचे युग आले. २०२४ मध्ये सापडलेल्या मर्सेन संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. पण बेल्जियमचे कातालान यांनी ल्युकाच्या शोधानंतर उपस्थित केलेला प्रश्न तसाच आहे. घात म्हणून १२७ ऐवजी ही एकोणचाळीस अंकी संख्याच घेतली, तर मिळणारी संख्या मूळ असेल काय? तिचा एकही भाजक अद्याप कोणास सापडलेला नाही.