उपासना, मराठी ख्रिस्ती

पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्य देवापुढे भक्ताने स्तुती, उपकारस्मरण, पापकबुली, प्रार्थना आणि आज्ञापालन यांद्वारे केलेले आत्मसमर्पण म्हणजे ख्रिस्ती उपासना होय. ती रविवारच्या विधीपुरती मर्यादित नसून मानवी जीवनाचा मुख्य हेतू आहे, अशी ख्रिस्ती धर्माची शिकवण आहे.

या शिकवणीचा आधार नव्या करारात आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायात येशू शोमरोनी स्त्रीला सांगतो, की खऱ्या उपासनेला अमुक डोंगराचे किंवा नगराचे बंधन नाही. तर पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात देहासह सगळे जगणेच देवाला अर्पण करण्यास सांगतो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात दासांनाही, म्हणजे समाजात अगदी खालच्या पायरीवर राबणाऱ्यांनाही, आपले काम प्रभूसाठी म्हणून मनापासून करण्याचा उपदेश आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये हीच भूमिका मांडताना सामान्य श्रद्धावंतांचे श्रम, संसार व विश्रांती यांनाही आध्यात्मिक अर्पण मानले आणि त्यांची सांगड मिस्साशी, म्हणजे ख्रिस्ताच्या बलिदानाचे स्मरण करणाऱ्या कॅथलिक उपासनेशी घातली.

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायांमध्ये, रविवारच्या उपासनेत सामान्यतः गीते, पापकबुली, शास्त्रपाठ, उपदेश, मध्यस्थीची प्रार्थना, दानार्पण व आशीर्वाद यांचा समावेश असतो. ठरावीक रविवारी भाकर व द्राक्षारस यांच्याद्वारे ख्रिस्ताच्या मरणाचे स्मरण करणारा प्रभुभोजनाचा विधी होतो. मात्र ही उपासना मराठी माणसाच्या ओठी रुळली ती देशी काव्यपरंपरेमुळे. इंग्रज जेज्वीट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. पुढे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग, भजन व कीर्तन हे प्रकार ख्रिस्तभक्तीकडे वळवले. तुकारामांच्या वाणीनेच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचवले, असे ते मानत. त्यांची अनेक पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात असून ती चर्चइतकीच घराघरांतही म्हटली जातात.

तुकारामांचे देहू आणि ज्ञानेश्वरांची आळंदी यांच्या परिसरातच पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा वाढला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि कामासाठी येथे आलेल्यांत इतर समाजांप्रमाणे ख्रिस्ती कुटुंबेही होती. अशा उद्योगनगरीत उपासनेच्या वेळेचा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. कारखाने पाळ्यांमध्ये चालतात आणि अनेक ठिकाणी साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी गुरुवारी असते. त्यामुळे रविवारी कामावर असलेल्याची उपासना घरातील सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, शास्त्रवाचन आणि शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन घेतलेल्या प्रार्थनासभा यांवर अधिक अवलंबून राहते. सामुदायिक उपासनेची जागा ही साधने पूर्णपणे घेऊ शकत नाहीत, कारण वचन ऐकणे आणि प्रभुभोजनात सहभागी होणे ही मंडळीने एकत्र करावयाची कृत्ये आहेत. तथापि यंत्रापुढचा तासही देवाच्या दृष्टीआड नाही, ही पौलाची शिकवण अशा श्रद्धावंताला आधार देते.

कामाला उपासना मानल्याने कामाच्या ठिकाणच्या अन्यायाचे समर्थन होत नाही. वेठीला धरलेल्यांची सुटका व भुकेल्याला अन्न हाच देवाला प्रिय असलेला उपवास होय, असे यशया संदेष्टा बजावतो. आणि भाऊ दुखावलेला असेल तर अर्पण वेदीजवळ ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे येशू डोंगरावरील प्रवचनात सांगतो. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी पुणे जिल्ह्यातीलच केडगाव येथे उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये विधवा, अनाथ व दुष्काळपीडित मुली प्रार्थनेबरोबरच शेती, विणकाम व छपाई शिकल्या आणि रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या छपाईलाही त्यांचे हात लागले. प्रार्थना, श्रम व दुर्बलांचा सांभाळ यांची तेथे घातली गेलेली सांगड हे रोजच्या जीवनातील ख्रिस्ती उपासनेचे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण आहे.