थडग्यांवरील शक

न्यायासनापुढे ऐकीव गोष्टीपेक्षा लेखी पुराव्यास अधिक मान असतो. इतिहासातही तो असावयास हवा. इंडोनेशियाच्या द्वीपसमूहात इस्लाम कसा रुजला, याविषयी तेथील बखरी चमत्कार सांगतात. सुमात्रातील पासेच्या राजास स्वप्नात पैगंबराने दीक्षा दिली, अशी एक कथा आहे. कथा मनोहर खरी. परंतु साक्षीदार म्हणून आम्ही दगडांस अधिक मानतो.

त्याच राजाच्या, सुलतान मलिक अस्सालिहच्या, थडग्यावर हिजरी ६९६, म्हणजे इ. स. १२९७, हे मृत्युवर्ष कोरलेले आहे. त्यापूर्वी पाच वर्षे मार्को पोलो सुमात्रात होता. पेर्लाक बंदराचे रहिवासी व्यापाऱ्यांच्या सहवासाने मुसलमान झाले, डोंगरातील लोक मात्र झाले नाहीत, असे तो नमूद करतो. धर्म गलबतांबरोबर आला आणि प्रथम बंदरातच राहिला. जावातील ग्रेसिक येथील मलिक इब्राहिमचे १४१९ मधील थडगे तर खंबायतेच्या घडणीचे आहे. बडोद्याच्या वाचकांस ते गाव परके नाही.

याहून बोलकी साक्ष पूर्व जावात, मजपहित या हिंदु-बौद्ध साम्राज्याच्या राजधानीजवळ, त्रोवुलान व त्रालोयो येथे मिळते. तेथील मुसलमानी थडग्यांवर अरबी धर्मवचने आहेत. वर्ष मात्र हिजरी नसून शकाचे, तेही जावी अंकांत! सर्वांत जुने वर्ष शके १२९०, म्हणजे इ. स. १३६८. तेव्हा हयाम वुरुक सिंहासनावर होता व साम्राज्य भरभराटीत होते. काही शिळांवरील नक्षीवरून ही थडगी परदेशी व्यापाऱ्यांची नसून दरबारातील जावी कुलीनांची असावीत, असे अभ्यासक मानतात.

तलवार चाललीच नाही, असे आमचे म्हणणे नाही. देमाकच्या सुलतानाने १५२७ च्या सुमारास मजपहितचा शेवट केला. परंतु त्याआधी दीडशे वर्षे राजाच्या छायेतच नवा धर्म नांदत होता. म्हणून 'जावा मुसलमान केव्हा झाला?' या प्रश्नास एका तारखेचे उत्तर देणे आम्हांस मान्य नाही.

मातारामच्या सुलतान अगुंगने १६३३ मध्ये हिजरीचे चांद्र महिने स्वीकारले. वर्षाचा अंक मात्र शकाचाच, १५५५, पुढे चालू ठेवला. जावी वर्ष आजही त्याच अंकावरून मोजतात. आमच्या पंचांगातला शक त्या बेटावर असा मुसलमान सुलतानाच्या आज्ञेने टिकला. धर्म बदलला म्हणजे मागचे सारे पुसले जाते, असे मानणाऱ्यांनी हा पुरावा एकदा वाचावा.