वणवा कोण विझवतो? मेळघाटातील मजुरी आणि मालकी

वऱ्हाडचा इतिहास म्हटला की अकोला-अमरावतीचा कापूस आठवतो. आजच्या धाग्यात मात्र मेळघाटच्या रानात जाऊ. प्रश्न वरकरणी आधुनिक आहे: कामावरचा माणूस निसर्ग जपतो तो कशामुळे? हुकुमामुळे, पगारामुळे, की आणखी कशामुळे?

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनीच्या ताब्यात दिला. १८६७ मध्ये लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला. इमारती लाकडाचे मोल वाढले आणि त्याच दशकात मेळघाटची जंगले राखीव होऊ लागली.

राखीव जंगलाला माणसे हवी होती: साग तोडायला, रस्ते राखायला आणि उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढायला. (जाळरेषा म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत-पालापाचोळा काढून मोकळा ठेवलेला पट्टा.) हे कष्ट मुख्यतः कोरकूंचे. त्यांच्या फिरत्या शेतीवर बंधने आली; वनग्रामात कसायला जमीन मिळाली, पण वनखात्याने बोलावले की कामाला यायचे, या अटीवर. ज्याला रान पानापानाने ठाऊक, तोच तेथे परवानगीने राहणारा मजूर ठरला. हजेरीपटावर दिवस मोजले जात. आस्थेसाठी त्यात रकाना नव्हता. वसाहती वनव्यवस्थेचा खरा दोष मला वृक्षतोडीपेक्षा येथे दिसतो.

१९७४ मध्ये मेळघाट देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झाला. उद्देश पालटला, तरी पायी गस्त घालणारे वनरक्षक आणि वणव्याशी झुंजणारे मजूर यांच्याच खांद्यावर सारा भार राहिला. त्यांच्यातील कित्येकांची निष्ठा पगाराच्या पलीकडची असते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण एखाद्याच्या निष्ठेवर व्यवस्था उभी राहत नाही.

म्हणून अमरावती जिल्ह्यातील पायविहीर महत्त्वाचे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २०१२ मध्ये या गावाला सुमारे १९३ हेक्टर उजाड वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. गावकऱ्यांनी झाडे लावली, मृद्‌संधारण केले, राखणीची जबाबदारी घेतली. तेथील सीताफळे ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने बाजारात गेली, रोजगारासाठीचे स्थलांतर घटले आणि २०१४ मध्ये गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

केवळ हक्काने पोट भरत नाही, हेही तेथेच दिसते: बरीचशी कामे रोजगार हमीच्या मजुरीवर झाली. हजेरीपट होताच, खड्डेही पूर्वीसारखेच खणले गेले. मात्र त्यांत कोणते झाड लावायचे, हे आता ग्रामसभा ठरवत होती.