एक विषय, तीन प्रवेशद्वारे

जीवरसायनशास्त्राचे पहिले पुस्तक कोणते असावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. त्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

अन्नाच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवण्याच्या क्रिया तंतुकणिकेत चालतात, हे १९४८च्या सुमारास युजीन केनेडी आणि आल्बर्ट लेनिंजर यांनी दाखवून दिले. १९७० साली लेनिंजर यांचे ‘बायोकेमिस्ट्री’ प्रसिद्ध झाले, तेव्हा साहजिकच ऊर्जा हा त्याचा कणा होता. प्रकाशाच्या साहाय्याने रेणूंमधील अंतरे मोजणाऱ्या लुबर्ट स्ट्रायर यांनी १९७५ मध्ये विषयाची मांडणी प्रथिनांच्या त्रिमित रचनेपासून केली. मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिन आधी, चयापचय नंतर. १९९० मध्ये डोनाल्ड आणि ज्युडिथ व्होएट या दांपत्याने रासायनिक अभिक्रियांच्या यंत्रणेवर भर दिला. विषय एकच, पण पहिल्या दारातून भौतिकशास्त्राचा, दुसऱ्यातून जीवशास्त्राचा, तर तिसऱ्यातून रसायनाचा विद्यार्थी अधिक सहज आत येतो.

भारतात हा प्रश्न आता कळीचा झाला आहे. २००६ मध्ये पुणे आणि कोलकाता येथे ‘आयसर’ सुरू झाल्या आणि गणिताकडे ओढा असलेले विद्यार्थीही आरंभी जीवशास्त्राच्या वर्गात बसू लागले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय पदवीचा आग्रह धरला. अशा वर्गातील अनेकांचे हे पहिले पुस्तक शेवटचेही ठरते. हजारांहून अधिक पानांचा ग्रंथ एका सत्रात संपत नाही. अर्धवट वाचलेल्या ग्रंथातून उरते ते केवळ नावांचे पाठांतर.

निवडीची एक कसोटी भारतातच घडलेली आहे. १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी प्रथिनांच्या साखळीतील दोन कोनांचा नकाशा मांडला. दोन अणू ठरावीक अंतराहून जवळ येऊ शकत नाहीत, एवढ्या साध्या अटीवरून कोनांच्या बहुतेक जोड्या बाद होतात. तो नकाशा आज वरील तिन्ही ग्रंथांत आहे. पुस्तक हाती घेताना ते पान उघडावे. तेथे केवळ आकृती छापली आहे, की ती तशीच का येते हे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला उमगेल असे लिहिले आहे, हे पाहावे.

मिश्र वर्गासाठी पुस्तक निवडताना त्यात किती माहिती आहे, यापेक्षा ते कोणाला दाराबाहेर ठेवते, हे आधी तपासणे अगत्याचे आहे.