आक्षेप कोठे नोंदवावा? कारीची शकावली आणि भांडारकर संस्थेचे ग्रंथालय

१/ भोर तालुक्यातील कारी हे कान्होजी जेधे यांचे गाव. तेथील जेधे देशमुखांच्या घराण्यात एक शकावली जपलेली होती. कोणत्या शकात, कोणत्या तिथीला काय घडले, याची ती त्रोटक नोंद. घराण्यातील दयाजीराव सर्जेराव देशमुख यांनी ती लोकमान्य टिळकांकडे दिली आणि १९१६ मध्ये टिळकांनी ती प्रसिद्ध केली.

२/ शिवजन्माची तोवर रूढ असलेली तिथी १६२७ च्या वैशाखातील होती. शकावलीत मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० असे नोंदलेले होते. शिवजयंतीला सार्वजनिक उत्सवाचे रूप देणाऱ्या टिळकांनीच रूढ तिथीला धक्का देणारा कागद छापला. पुढे अनेक दशके वाद चालला. अखेर राज्य शासनानेही १९ फेब्रुवारी हीच तारीख स्वीकारली. हा वाद कागदासमोर कागद ठेवून लढला गेला.

३/ आता २००३ साल. अमेरिकन अभ्यासक जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रकाशित केले. त्यातील एका मजकुरात महाराजांच्या मातापित्यांविषयीची एक कुचेष्टा पुराव्याविना नोंदवलेली होती. राजगड-तोरण्याच्या वेल्हे मुलखापासून साऱ्या महाराष्ट्रात संताप उसळला. तो अकारण नव्हता.

४/ पहिली तक्रार योग्य पत्त्यावर गेली. पुण्यातील काही इतिहासकारांनी थेट प्रकाशकाला पत्र लिहून पुस्तक मागे घेण्याची मागणी केली. त्यांत शिवचरित्राचे गाढे अभ्यासक गजानन मेहेंदळे होते. नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकाशकाने भारतातील विक्री थांबवली. प्रकरण येथे मिटावयास हवे होते.

५/ तसे झाले नाही. लेन यांनी प्रस्तावनेत ज्यांचे आभार मानले होते, त्यांच्याकडे रोष वळला. डिसेंबरमध्ये संस्कृत पंडित श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळे फासण्यात आले. ५ जानेवारी २००४ रोजी सुमारे दीडशे जणांचा जमाव भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत घुसला. कपाटे फुटली, ग्रंथ आणि हस्तलिखिते जमिनीवर विखुरली.

६/ ही संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती येथेच सिद्ध झाली. आक्षेपार्ह मजकूर संस्थेने लिहिला नव्हता, छापलाही नव्हता. लेन यांनी तिचे ग्रंथालय वापरले होते, इतकाच संबंध. वाचकाला पुस्तके उपलब्ध करून देणारे ग्रंथालय त्या वाचकाच्या मतांचे उत्तरदायी ठरते काय?

७/ या हल्ल्याने मेहेंदळे इतके व्यथित झाले, की त्यांनी स्वतःच्याच शिवचरित्राच्या हस्तलिखिताची शेकडो पाने नष्ट केल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. पुस्तकाला कडाडून विरोध करणाऱ्या अभ्यासकाचेच लेखन या प्रकरणात बळी पडले.

८/ जानेवारी २००४ मध्येच शासनाने पुस्तकावर बंदी घातली. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ नुसार पुस्तक जप्त करताना शासनाने आपल्या मताची कारणे नमूद करणे बंधनकारक होते. कलम ९६ नुसार त्या आदेशाला उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपुढे आव्हान देता येत असे. तसे आव्हान दिले गेले आणि २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्तीचा आदेश रद्द केला. ९ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कोणकोणत्या समाजगटांत वैर निर्माण होईल, हेच आदेशात स्पष्ट केलेले नव्हते.

९/ न्यायालयाने लेन यांच्या मजकुराला सत्यतेचे प्रमाणपत्र दिले नाही. आक्षेप घेणाऱ्याने, मग ते शासन का असेना, तो नेमकेपणाने मांडावा, एवढेच त्या निर्णयातून ठरले. कोणत्याही ग्रंथालयाने तक्रारदाराला विचारावयाचे प्रश्नही हेच आहेत: कोणते पान? कोणते वाक्य? त्यात चूक काय? आणि ती दाखवणारा पुरावा कोणता?

१०/ निराधार विधान खोडून काढण्यासाठी लागणारी साधने ग्रंथालयाच्या कपाटांतच असतात. कारीच्या देशमुखांनी आपली शकावली पिढ्यान्‌पिढ्या जपली, म्हणूनच शिवजन्माची तिथी सुधारता आली.